सोनपाठीचा जिना

आमचे हे गवंडी होते, पण उभ्या आयुष्यात ह्यांनी एकही घर बांधलं नाही. ह्यांनी नद्या बांधल्या. लग्न ठरताना मला फक्त एवढंच सांगितलं होतं की मुलगा सरकारी नोकरीत आहे. सरकार त्याच्याकडून नद्या बांधून घेतं, हे लग्नानंतर महिन्याभराने त्याच्याच तोंडून कळलं. थापी हातात धरणारा माणूस थापाही मारणारच, असं मी बहिणीला पत्रात लिहिल्याचं आठवतंय.

मग एक दिवस हे डबा विसरले आणि तो पोचवायला मी कामावर गेले. पाण्यावर संशोधन करणारी ती संस्था. फाटकातून आत गेलं की पत्र्याच्या लांबच लांब शेड होत्या. तिसऱ्या शेडचं दार ढकललं आणि मी उंबऱ्यातच थबकले. जमिनीवर नदी वाहत होती. वळणं, बेटं, खडक, बोटाएवढाले पूल. कुठेतरी पंप घरघरत होता, ओल्या सिमेंटचा वास होता, आणि विजार गुडघ्यापर्यंत दुमडून हे नदीच्या मधोमध अनवाणी उभे होते.

"काठाकाठाने ये," हे म्हणाले. "मधे पाय टाकलास तर गाव बुडेल एखादं."

त्या कामाला तिथे मॉडेल म्हणायचे. धरण, पूल, बंधारा काहीही बांधायचं तर आधी नकाशे ह्यांच्याकडे यायचे. त्यावरून पत्र्याचे साचे कापायचे, हात-हात अंतरावर ते उभे करायचे, मधे वाळू भरायची आणि वरून गिलावा. खऱ्या नदीचे शंभर हात म्हणजे ह्यांचा एक हात. मग पाणी सोडून बघायचं, कुठे काय बिघडतं ते. ह्यांचं काम इतकं नेटकं, की अभियंते ह्यांच्या गिलाव्यावरून हात फिरवून बघायचे. आमच्या न्हाणीघराचा गिलावा मात्र अकरा वर्षं पडत होता. त्याबद्दल मी काही बोलले की म्हणायचे, "तिथे पूर येणार आहे का?"

ह्यांनी एकोणीस नद्या बांधल्या. त्यातल्या एकीनेच आमच्या घरात जवळजवळ बिऱ्हाड केलं, तिची ही हकिकत.

ती नदी दोन राज्यांतून जायची. उगम वरच्या राज्यात आणि मुख खालच्यात. मधे काही कोस नदी हीच हद्द होती, उजवा काठ वरच्यांचा, डावा खालच्यांचा. तिथेच फार पूर्वी वरच्या राज्याने बंधारा बांधलेला होता. कोणी किती पाणी घ्यायचं याचा करार होता, आणि करार आहे म्हटल्यावर भांडणही होतं. उन्हाळा लागला की दोन्हीकडची वर्तमानपत्रं एकमेकांना चोर म्हणायची.

या भांडणात एक मासोळी सापडली होती. तिचं नाव सोनपाठी. हातभर लांब, पाठीवर पिवळाधमक पट्टा. वर्षभर ती खालच्या राज्यातल्या डोहांत राहायची आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला अंडी घालायला वरच्या राज्यात जायची, जिथे पाणी उथळ आणि तळाशी गोटे. "बाळंतपणाला माहेरी," असं मासेवाल्या बाई म्हणायच्या. या बाई म्हणजे मत्स्यखात्याच्या शास्त्रज्ञ. बुटक्या, जाड चष्म्याच्या, चालण्यात घाई. बंधारा झाला आणि सोनपाठीची माहेरची वाट भिंतीने अडवली. तीस वर्षांत ती इतकी कमी झाली, की खालचे मासेमार आपल्या मुलांना तिचं चित्र दाखवून सांगायचे, अशी असायची म्हणून.

बाईंनी दोन्ही राज्यांच्या कचेऱ्यांत खेटे घालून घालून शेवटी एक गोष्ट मान्य करून घेतली. बंधाऱ्याला माशांसाठी जिना करायचा. म्हणजे पायरीपायरीने चढत जाणारी कुंडं. एका कुंडातून दुसऱ्यात पाणी पडतं आणि मासा उलटा वर चढतो. हे ऐकून मी हसत सुटले होते.

"मासे जिने चढतात? मग आपल्या थोरल्या जाऊबाईंना सांगा, त्या दोन मजले चढत नाहीत."

"हसू नकोस," हे म्हणाले. "मीही हसलो होतो. बाई रागावल्या."

जिन्याचा नकाशा तयार होता. वरच्या राज्याने तो उजव्या काठावर काढला होता, कारण जमीन त्यांची, रस्ता त्यांचा. मॉडेलवर तपासून घ्यायचं तेवढं बाकी होतं. त्यासाठी दोन्ही राज्यांनी आपापला अभियंता पाठवला. शेडमध्ये कोणी ह्यांना नावाने हाक मारत नसे, मिस्त्रीच म्हणत. तसंच त्या दोघांना सगळे वरचे साहेब आणि खालचे साहेब म्हणू लागले. वरचे साहेब काडीसारखे, सदा तोंडात लवंग. खालचे साहेब गोल, मोठ्याने हसणारे, पण हटवादी. दोघांचा एकमेकांच्या पट्टीवरही विश्वास नव्हता. एकच पाणी एकाने मोजलं की दुसरा पुन्हा मोजायचा, आणि दोघे वेगवेगळ्या वह्यांत लिहायचे. चार बोटं पाण्यासाठी अर्धा दिवस वाद.

"एका नदीला दोन सासू," हे घरी येऊन म्हणायचे. "पोरीने पाणी प्यायचं तरी कोणाला विचारून?"

पंधरा दिवसांनी हे घरात गप्प गप्प झाले. मी मशिनवर परकर शिवत बसलेली असायचे आणि हे समोर बसून चहा थंड करायचे. चौथ्या सकाळी मी मशिन थांबवलं.

"काय झालंय?"

"जिना चुकीच्या काठावर आहे," हे म्हणाले.

कार्यालयातल्या कागदाला भोकं पाडायच्या यंत्रात ज्या टिकल्या साठतात, त्या हे पाण्यावर सोडत. पाणी कुठून धावतंय ते त्यावरून दिसतं. तो बंधारा नदीत जरासा तिरका होता. त्यामुळे बंधाऱ्याखाली जोराची धार डाव्या काठाला होती, आणि उजवीकडे टिकल्या नुसत्या गरगरत बसायच्या. बाईंनी ह्यांना एकदा सांगितलं होतं, की सोनपाठी धारेकडे तोंड करून उभी राहते. जिकडे जोर जास्त, तिकडे ती जाणार.

"म्हणजे ती डावीकडे धडका मारत बसेल आणि जिना राहील उजवीकडे रिकामा."

"मग सांगा की साहेबांना!"

"मी गवंडी. नकाशा मोठ्या अभियंत्यांनी काढलाय."

"जीभ काय डब्यात घालून देऊ?" मी म्हणाले. "चार दिवस चहा वाया घालवताय ते."

त्या दिवशी ह्यांनी सांगितलं. पुढे काय झालं ते मला शेडमधल्या पंपवाल्याने सांगितलं, कारण हे स्वतःबद्दल धड सांगायचे नाहीत. ह्यांनी मूठभर टिकल्या बंधाऱ्याच्या वर सोडल्या आणि म्हणाले, "साहेब, जरा खाली बसून बघा." दोघे साहेब इस्त्रीच्या पँटसकट गुडघ्यांवर बसले. एकदा, दोनदा, पाच वेळा टिकल्या सोडून झाल्या. प्रत्येक वेळी त्या डाव्या काठालाच धावल्या.

मग खालचे साहेब म्हणाले, "डावा काठ तर आमचा."

"आणि पाणी आमचं," वरचे साहेब म्हणाले.

"आमच्या जमिनीवर तुमचं बांधकाम? आमचे मंत्री मला सुळावर देतील."

"तुमच्या जमिनीतून आमचं पाणी? माझे काय हार घालतील?"

तेवढ्यात हे म्हणाले, "साहेब, मासोळीला हद्दीचा दगड दिसत नाही. तिला धार दिसते." आणि मग घाबरून थापी धुवायला निघून गेले.

खरा पेच काठाचा नव्हता, पाण्याचा होता. जिना वाहता ठेवायचा तर उन्हाळ्याच्या तोंडाला एकवीस दिवस बंधाऱ्यातून पाणी सोडायला हवं. वरच्यांना ते जिवावर येत होतं. हा पेच सुटला त्या दुपारी मी तिथे होते. वीज गेली होती. पंप बंद पडला, आणि बघता बघता नदी आटली. कामच नाही, म्हणून सगळे त्या कोरड्या पात्रात जेवायला बसले. शेडमध्ये तेवढीच गार जागा होती. खालच्या साहेबांची दाढ दुखत होती, त्यांना काही चावेना. वरच्या साहेबांनी खिशातून डबी काढून एक लवंग पुढे केली.

"दाढेखाली धरा. चावू नका."

खालच्या साहेबांनी ती धरली. मी ह्यांना वाढत होते. मग वरचे साहेब स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "ऐन उन्हाळ्यात करारातलं पाणी तुम्हाला द्यायचंच असतं. त्यातलंच थोडं महिनाभर आधी सोडलं, तर आमचं काय जातं?"

"आम्ही ठेवू कुठे?" लवंगेमुळे खालच्या साहेबांचे शब्द बोबडे येत होते.

"तुमचा तो बंधाऱ्याखालचा तलाव. तेव्हा अर्धा रिकामा असतो."

"तुम्हाला काय माहीत?"

"आम्ही बघून ठेवलंय," वरचे साहेब म्हणाले, आणि खालचे साहेब दाढ धरून हसले.

"उन्हाने वाफ होऊन जाईल त्यातलं. ते कोणाच्या नावावर?"

"निम्मं निम्मं सोसू."

इतकं साधं होतं ते. जे पाणी तसंही जाणारच होतं, ते जाता जाता जिना चढवून देणार होतं. पण तेवढं मान्य व्हायला दोन्ही राजधान्यांत पुढे दीड वर्ष गेलं. खालच्या साहेबांची बदली होता होता राहिली. वरच्या साहेबांना त्यांच्याकडच्या एका सभेत लोकांनी बोलू दिलं नाही. शेवटी दोन्ही सरकारांनी सह्या केल्या, पण एक अट घातली. आधी खरा मासा चढून दाखवा.

म्हणून शेडबाहेरच्या अंगणात ह्यांनी खऱ्या मापाचा, सहा कुंडांचा जिना बांधला. मी ह्यांचं इतकं देखणं काम दुसरं पाहिलं नाही. आतून घोटून घोटून असा गुळगुळीत केला होता, की उन्हात डोळे दिपावेत. खालच्या राज्यातल्या मासेमारांनी आठ महिने खपून बारा सोनपाठ्या मिळवल्या होत्या. त्या पाण्याच्या टाकीतून, सोबत दोन्ही राज्यांची कागदपत्रं घेऊन, ट्रकने आल्या. बाई टाकीजवळच बसून आल्या होत्या, तीनशे मैल.

पहिला दिवस गेला. मासे खालच्या कुंडात घुटमळले, एक-दोघींनी उडी मारली आणि मागे आल्या. दुसरा दिवस तसाच. तिसऱ्या दिवशी दोन मेल्या. लगेच जुनं भांडण वर आलं. "पाणीच कमी सोडलंत," खालचे म्हणाले. "मासेच आजारी पाठवलेत," वरचे म्हणाले. बाई नळावर तोंड धूत होत्या. चेहरा धुऊन झाला तरी धूतच होत्या. मी जवळ जाऊन उभी राहिले.

हे विजार दुमडून कुंडात उतरले. सगळ्यात वरच्या कुंडापासून एकेक पायरी खाली येत गेले. चौथ्या कुंडात पाय सटकला आणि चांगले आपटले. कोणी हसलं नाही. हे तसेच पाण्यात बसून राहिले, तळावर हात ठेवून. मग उठून बाईंकडे आले, अंगावरून पाणी निथळतंय.

"बाई, चूक माझी आहे."

"तुमची कशी?"

"तळ मी आरशासारखा केला. पाणी तळाशीही तितकंच सुसाट पळतंय. नदीत कुठे असतं असं? मलाच पाय टेकवता आला नाही, तिने दम कुठे खायचा?"

मग ह्यांनी छिन्नी-हातोडा घेतला. मासे पुन्हा टाकीत घेतले, पाणी बंद केलं, आणि जो गिलावा ह्यांनी महिनाभर घोटला होता तो दुपारपर्यंत फोडून काढला. मी बघत होते. ह्यांच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं, फक्त घाव जरा जास्त जोरात पडत होते. मागच्या अंगणातून लहानमोठे गोटे आणले आणि एकेक ओल्या सिमेंटमध्ये रोवायला सुरुवात केली, कुठे दाट, कुठे विरळ. थोड्या वेळाने वरचे साहेब बाह्या सरसावून गोटे देऊ लागले. मग खालचेही. "हा इकडे." "नको, धारेला आडवा येतोय." त्यावरही दोघांचा वाद झाला, पण तो वेगळा वाद होता.

सिमेंट सुकायला आणि धुवायला चार दिवस दिले. पाचव्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला पाणी सोडलं. मी मुद्दाम लवकर डबा घेऊन गेले होते. अर्धा तास काही नाही. मग एक सोनपाठी, त्यातल्या त्यात लहान, एका गोट्याच्या आडोशाला जाऊन उभी राहिली. शेपटी हळूहळू हलत होती. मग सळकन वरच्या कुंडात. तिथे पुन्हा गोट्यामागे. पुन्हा वर. सहाव्या कुंडातून ती वरच्या हौदात गेली आणि तिचा पिवळा पट्टा उन्हात एकदा चमकला.

"वेळ नोंदवा! वेळ नोंदवा!" वरचे साहेब ओरडत होते, आणि कोणाकडे पेन नव्हतं. खालच्या साहेबांनी खडूने भिंतीवरच आकडा लिहिला. बाई मटकन खाली बसल्या. आणि आमचे हे? "दोन गोटे हलवायला हवेत," म्हणाले.

नदीवर, डाव्या काठाला, खरा जिना व्हायला पुढे तीन वर्षं लागली. उद्घाटनाचं आमंत्रण ह्यांना आलं नाही, गवंड्याला कोण बोलावतं? पण दोन्ही साहेबांची वेगवेगळी पत्रं आली, "मिस्त्री, या." आमच्या धाकटीला तेव्हा टायफॉईड झाला होता, त्यामुळे जाणं जमलं नाही. बाई मात्र दर उन्हाळ्यात एक पोस्टकार्ड पाठवायच्या. त्यावर ख्यालीखुशालीच्या आधी जिना चढलेल्या सोनपाठ्यांचा आकडा. पहिल्या वर्षी नऊ. दुसऱ्या वर्षी चार, तेव्हा दोन्हीकडच्या पेपरांनी जिन्याची टर उडवली. तिसऱ्या वर्षी एकतीस. मधे एक दुष्काळ पडला, तेव्हा वरच्या राज्याने पाणी सोडायला साफ नकार दिला. दोन्ही साहेब तोवर मोठ्या हुद्द्यांवर गेले होते. त्यांनी फोनवर बोलून बोलून एकवीसचे अकरा दिवस करून घेतले. त्या वर्षीचा आकडा सात होता. पण शून्य नव्हता. सोळाव्या वर्षी बाईंनी एकच ओळ लिहिली होती, "सहाशे बारा, आणि छोटी पिल्लं मोजता येत नाहीत." ते कार्ड ह्यांनी शेजारीपाजारी वाचून दाखवलं. कोणाला काही कळलं नाही, पण सगळ्यांनी अभिनंदन केलं.

शेडमधलं ते मॉडेल निवृत्तीच्या आदल्या वर्षी ह्यांनी स्वतः तोडलं. तिथे तसा नियमच होता. काम झालं की नदी मोडायची आणि त्याच जागी दुसरी बांधायची. हीच तेवढी इतकी वर्षं राखली होती, दोन राज्यांचा वाद पुन्हा उठला तर म्हणून. फक्त या वेळी दुसरी बांधायची नव्हती. संगणक आले होते, शेडमध्ये त्यांच्या खोल्या होणार होत्या. संध्याकाळी हे घरी आले तेव्हा केसांत सिमेंटची धूळ होती.

"वाईट वाटलं?" मी विचारलं.

"वरचा भाग लगेच निघाला," हे म्हणाले. "संगमाजवळचा मात्र निघता निघेना. चांगला बांधला होता."

निवृत्तीनंतरच्या उन्हाळ्यात आम्ही दोघे बसने त्या नदीवर गेलो. जिची वळणन्‌वळणं ह्यांनी हाताने घडवली, ती नदी ह्यांनी डोळ्यांनी पाहिलीच नव्हती. काठाने चालताना हे पुढे आणि मी मागे. "आता डावीकडे खडक येईल," हे म्हणायचे, आणि खडक यायचा, पण हत्तीएवढा. "आता बेट." बेट यायचं. मला जरा भीतीच वाटली, जसं काही हे आधी इथे राहून गेले होते. एका वळणावर मात्र हे थांबले. समोर वाळूचा लांब दांडा होता.

"हा नव्हता," हे जरा रागानेच म्हणाले.

"नंतर आला असेल. तीस वर्षांत आपणही बदललो."

"मला विचारलं नाही कोणी," हे म्हणाले, आणि मग आम्ही दोघे हसलो.

जिन्याजवळच्या रखवालदाराने आधी अडवलं. पास हवा म्हणाला. हे म्हणाले, "मी फक्त तळ बघतो आणि जातो." तो बुचकळ्यात पडला. आत एका काचेच्या खिडकीपाशी दोन माणसं मासे मोजत बसली होती, एक वरच्या राज्याचा, एक खालच्याचा. पुढ्यात एकच वही, आणि शेवटी दोघांची सही. त्यांच्यातल्या एकाने आम्हाला आत घेतलं. ह्यांनी काचेला नाक लावलं. गोटे ह्यांनी अंगणात रोवले होते तसेच होते, कुठे दाट, कुठे विरळ, शेवाळाने हिरवे झालेले. दोन तास बसल्यावर एक सोनपाठी आली, चांगली थोराड, आणि काचेच्या पलीकडे गोट्याआड दम खात थांबली. ह्यांच्या नाकासमोर, वीतभर अंतरावर. मी ह्यांच्याकडे पाहिलं नाही. काही वेळा माणसाकडे बघू नये.

परतीच्या बसमध्ये हे इतकं बोलले, जितकं लग्नानंतरच्या पहिल्या वर्षभरात बोलले नसतील. बाकीच्या अठरा नद्यांची नावं घेतली, कुठली कुठे, कुठल्या वळणावर काय. सगळ्या बघायच्या म्हणाले. तिकिटाच्या मागे यादी केली, जवळची आधी, लांबची नंतर. त्या हिवाळ्यात आम्ही एक पाहिली, पुढच्या वर्षी दुसरी. दुसरीचं पाणी पार काळं झालं होतं. हे काठावर उभे राहून म्हणाले, "हिला मी चांगली बांधली होती गं." मग ह्यांचे गुडघे गेले, आणि यादी तिथेच थांबली.

हे जाऊन आता तीन वर्षं होतील. नातू नकाशाचं पुस्तक घेऊन बसला की मी त्यातल्या निळ्या रेघांवर बोट ठेवते. ही तुझ्या आजोबांची, म्हणते. आणि ही. ही पण. तो म्हणतो, "आजी, काहीही सांगतेस." मी म्हणते, नसेल पटत तर नको ऐकूस. पण बोट ठेवलेलं मी काढत नाही, आणि तोही पान उलटत नाही.